कंडक्टर गप्प होती

लायसन सस्पेंड झालं की माणूस आधी नशिबाला शिव्या घालतो, मग कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडतो. मी नशिबाच्या वाट्याला गेलोच नाही. माझ्या शेजारच्या सीटवर आयतं डोकं बसलं होतं.

"काय सांगू साहेब, बायको शेजारी बसून सारखी बडबडत होती. लक्ष उडालं," असं मी त्या ट्रॅफिकवाल्याला सांगितलं. पोरगा हसला. "घरोघरी मातीच्या चुली, काका," म्हणाला आणि हसत हसत माझं लायसन काढून घेतलं.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. शाळेसमोरचं क्रॉसिंग. पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई 'थांबा' लिहिलेली गोल पाटी धरून उजव्या फुटपाथवरून रस्त्यात उतरली होती आणि मी न थांबता तसाच पुढे गेलो. माझ्या आरशाचा फटका बसून पाटी तिच्या हातातून उडाली. पोरं अजून फुटपाथवरच होती म्हणून... पुढचं वाक्य मी अजून मनातसुद्धा पुरं केलेलं नाही. बाईच्या मनगटाला मुका मार लागला. तिला सगळी शाळा शिट्टीबाई म्हणते. माझी नातही म्हणते. नात गेटच्या आत दप्तर पाठीला लावून उभी होती आणि तिनं सगळं बघितलं.

शिक्षा अशी की तीन महिने गाडी चालवायची नाही. मग डोळे-बिळे ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला घेऊन लायसनच्या ऑफिसात मोठ्या बाईंपुढे उभं राहायचं. त्यांना पटलं तर लायसन परत, नाही तर कायमचा रामराम.

आणि बायको? बायकोनं त्या वेळी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मीच तिला गप्प केलं होतं.

तिला आमच्याकडे सगळे कंडक्टर म्हणतात. नाव मीच ठेवलं. मी जन्मभर कंपनीची बस चालवली, कामगारांना कारखान्यात न्यायचं आणि घरी सोडायचं. डेपोतली पोरं मला उस्ताद म्हणायची. अडचणीच्या जागी बस रिव्हर्स घ्यायची तर म्हणायची, थांबा, उस्ताद येऊ दे. निवृत्त झाल्यावर छोटी गाडी घेतली आणि थोड्या वर्षांनी ही शेजारी बसून सुरू झाली. "अहो, उजवीकडून सायकल." "अहो, कुत्रं आलं." "ती बाई रस्त्यात उतरतेय हं." अरे, कुणाला सांगते? उस्तादला? मी म्हणायचो, "आता तेवढी तिकिटं फाड, म्हणजे झालं." पाहुणे आले की मी तिची नक्कल करून दाखवायचो. माझी नक्कल फर्मास होते, असं लोक म्हणतात.

त्या दिवशी दुपारी लेकीकडे जेवायला होतो. तिचे सासू-सासरे आले होते. ऐन जेवणात मी कंडक्टरची नक्कल केली, चमच्यानं ताटावर घंटी वाजवून. विहीणबाईंना हसून हसून ठसका लागला. हीसुद्धा हसली, पण पाण्याचा पेला तोंडाला लावून. मग नातीला शाळेतून आणायला आम्ही दोघं निघालो. गल्लीच्या तोंडाशीच ही म्हणाली, "अहो, जरा बेतानं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "आता एक शब्द बोललीस तर इथंच उतरायचं आणि चालत यायचं!" तिनं पर्स मांडीवर घेतली, हाताची घडी घातली. शाळेपर्यंत अबोला. आपण जिंकलो असं मला वाटलं, हेही सांगून टाकतो.

पाटी उडाली, गाडी थांबली, तेव्हा मी आधी काय केलं असेल? हिच्यावर खेकसलो. "एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि आज नेमकी दातखीळ बसली?" आणि पोलीस आल्यावर त्याला बरोब्बर उलटं सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ही आधी गप्प बसली म्हणून गुन्हेगार, मग बोलली म्हणून गुन्हेगार. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिट्टीबाईंचं मनगट चोळायला खाली उतरली.

खोट्याला पाय फुटतात. पोलिसाला सांगितलेलं लेकीला सांगावं लागलं, लेकीला सांगितलेलं जावयाला, मग शेजाऱ्यांना. लेक आईवर भडकली. "आई, किती वेळा सांगितलंय, गाडीत जरा गप्प बसत जा! पोरं होती गं तिथं!" त्या दिवसापासून लेक आम्हाला कुठं घेऊन निघाली की आईला मागच्या सीटवर बसवायची. आई "बरं" म्हणायची आणि मागे जाऊन बसायची. मी पुढच्या सीटवर पट्टा लावत असायचो. तो पट्टा लावायला मला फार वेळ लागायचा.

लायसन मला परत हवंच होतं. लेक नर्स, तिची ड्यूटी सकाळची. भिंगरीला, म्हणजे नातीला, शाळेत सोडणं हे माझं काम होतं आणि त्या एका कामावर मी घरात ताठ मानेनं वावरत होतो. आता लेक रोज कुणाच्या तरी हातापाया पडून ड्यूटी बदलून घ्यायची. "बाबा, तुमचं लायसन एकदाचं मिळू दे हो," म्हणायची. त्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागायचा. आणि भिंगरी तर भिंगरीच. एकदा खेळता खेळता म्हणाली, "आजोबा, शिट्टीबाईंना नवीन पाटी मिळाली. जुनी वाकडी झाली ना तुमच्यामुळे." मी उठून उगाचच गाडी पुसायला खाली गेलो. उभ्या गाडीवर धूळ किती बसते, ते तेव्हा कळलं.

बसनं जायची वेळ आली तर आणखी एक फजिती. दार उघडलं आणि आतून हाक, "उस्ताद! तुम्ही? आणि बसमध्ये?" ड्रायव्हर निघाला मीच स्टिअरिंग धरायला शिकवलेला पोरगा. "गाडी गॅरेजला दिलीय रे," मी म्हणालो. ही शेजारी उभी होती. तिनं तिकिटं काढली. पोरानं मला मान म्हणून आपल्या मागची सीट दिली. ह्यापेक्षा त्यानं उतरवून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं.

दाखल्याचं काम सोपं निघालं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलाय. मी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत," आणि दाखला लिहून दिला. मी तो घरी आणून हिच्यासमोर नाचवला. पडलो तरी नाक वर.

हिनं दाखला नीट वाचला. मग म्हणाली, "एकदा डोळ्यांच्या हॉस्पिटलात दाखवू. माझ्या समाधानासाठी."

"तुझं समाधान म्हणजे काय, कंडक्टरचा शेरा?"

"हो. तसंच समजा."

ती असं उत्तर देत नाही कधी. मी म्हटलं चल, एकदाची तुझी हौस फिटू दे, पण मग पुन्हा माझ्या गाडीत तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, "कबूल."

हॉस्पिटलात आधी थेंब, मग तक्ता, मग एका अंधाऱ्या खोलीत नेलं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं एक यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारी मुलगी लेकीच्या वयाची. हिला तिनं आपल्या शेजारी स्टुलावर बसवलं, यंत्राच्या पडद्याजवळ.

सुरुवातीला उजेड आले. मी टकाटक बटण दाबलं. मग येईनासे झाले. यंत्र आतल्या आत कुरकुरत होतं, पण उजेडाचा पत्ता नाही. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो.

"मुली, मशीन बंद पडलंय वाटतं."

"चालू आहे आजोबा. समोर बघा."

"मग आतला दिवा तरी गेला असेल. बघ जरा."

"दिवा आहे आजोबा. तुम्ही समोरच बघा."

चीड आली मला. मशीनं बिघडलेली ठेवायची आणि वर समोर बघा, समोर बघा. आता उठून चांगलं सुनवावं, असं मनात आलं आणि तेवढ्यात मागून अगदी हळू आवाज आला.

"उजवीकडे."

"आजी, सांगायचं नाही हं," मुलगी म्हणाली.

"सॉरी हो," ही म्हणाली. "सवय झालीय."

माझी हनुवटी यंत्रात अडकलेली होती, नाही तर मी मान वळवली असती. उजवीकडे. उजवीकडून सायकल. उजवीकडून बाई. ज्याची मी ताटावर चमचा वाजवून नक्कल करायचो तो हाच आवाज. मशीनला काही झालेलं नव्हतं. हिला पडद्यावर दिसत होतं की उजेड आलाय, आणि तो मला दिसत नव्हता, आणि हिच्या तोंडून शब्द सुटून गेला. अंधार होता म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बायका म्हणतात. मी म्हटलं, नुसती ती खुर्ची जरी खचली तरी पुरे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं गेलं. दोन्ही बाजूंनी गेलंय, उजवीकडे जास्त. हळूहळू जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. "गाडी चालवता का?" त्यांनी विचारलं. मी "कधीमधी" म्हणालो. "बंद करा," ते म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तुमचा उजवा खांदा दाराला आपटायला लागला तेव्हापासून. उजव्या हाताशी ठेवलेला पेला सांडायचात आणि माझ्यावरच ओरडायचात, इथं कुणी ठेवला म्हणून."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलले होते. डोळे दाखवून घ्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, आधी तुझे दाखव."

म्हणालो होतो. शब्दन् शब्द आठवला.

"मग म्हटलं जाऊ दे. गाडी हाच यांचा जीव. आपणच बघत राहू. हसतात लोक तर हसू देत. कंडक्टर तर कंडक्टर." ती पर्सचा खटका उघडत होती, लावत होती. "चुकलंच माझं. तेव्हाच घरात भांडण करून गाडी बंद करायला हवी होती. आणि त्या दिवशी तर..."

"त्या दिवशी मीच तुला गप्प बसवलं."

"तुम्ही बसवलंत. पण मला पाटी दिसली होती हो." तिचा आवाज फुटला. "मी तोंड उघडलंही होतं. आणि मनात आलं, एवढं सगळ्यांसमोर हसतात ना मला, तर आज बघू दे त्यांचं त्यांना. एकच क्षण. तेवढ्यात ती पाटी उडाली. त्या बाईचा हात मला अजून डोळ्यांसमोर येतो."

म्हणून ती आजवर गप्प होती. मला वाटत होतं सोशिक आहे, नवऱ्याचं झाकते. आणि ती त्या एका क्षणासाठी स्वतःला इतके दिवस खात होती. मी खोटं सांगितलं की तिच्या बोलण्यानं झालं, तर तिनं मनात म्हटलं असेल, काय फरक पडतो, झालं तर माझ्यामुळेच. लेकीच्या शिव्या तिनं म्हणून गिळल्या. मला तिच्याकडे बघवेना. शेजारी बसलेली होती, पण मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

"आता काय करायचं?" मी म्हणालो. दवाखान्याचा दाखला माझ्या खिशात होता. ऑफिसला तेवढाच पुरत होता. डोळ्यांच्या हॉस्पिटलात आम्ही आलो होतो हे लेकीलासुद्धा माहीत नव्हतं.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती उठत म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

ठरलेल्या दिवशी लेक आम्हाला घेऊन गेली. ही मागे, मी पुढे. भिंगरीनं सकाळीच मला बजावलं होतं, "आजोबा, आज लायसन आणाच हं." लेकीनं संध्याकाळपर्यंतची सुट्टी काढली होती आणि स्वभावाच्या मानानं खुशीत होती. वाटेत म्हणाली, "सोमवारपासून मी पहिल्यासारखी ड्यूटी मागून घेते." मी हं म्हणालो. खिशातला दाखला मी हातानं चाचपून बघितला. झाकली मूठ सव्वा लाखाची. नुसती झाकून ठेवायची, दुसरं काही करायचं नव्हतं.

मोठ्या बाई वयानं लहान निघाल्या. मान वर न करता त्यांनी दाखला वाचला, "डोळे उत्तम" म्हणाल्या, ह्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत माझ्या नावावर एकही तक्रार नाही म्हणाल्या. ड्रॉवरमधून माझं लायसन काढून टेबलावर ठेवलं. माझा तरुणपणीचा फोटो, भरघोस मिशा. मग हिच्याकडे बघून हसल्या.

"काय आजी? परत द्यायचं ना आजोबांना? पण एक अट. यापुढे गाडीत बडबड करायची नाही."

"मी तर त्यांना मागच्याच सीटवर बसवते, मॅडम," लेक लगेच म्हणाली. "पार बंद केलंय त्यांचं तोंड."

त्या दोघी हसल्या. हीसुद्धा हसली. पाण्याचा पेला नव्हता म्हणून पदर तोंडाला लावला. आणि कबूल केल्याप्रमाणे काही बोलली नाही.

लायसन माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं. मला ते हवं होतं हो. आता सांगतानाही लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मला ते उचलावंसं वाटत होतं. सोमवार डोळ्यांपुढे आला, भिंगरीचं दप्तर मागच्या सीटवर, मी स्टिअरिंगवर. आणि मग ते क्रॉसिंग आलं, आणि उजवा फुटपाथ मला आठवेना. कितीही आठवला तरी त्याच्यावर कोण उभं आहे ते दिसेना.

"मॅडम," मी म्हणालो, "ती बोलत नव्हती."

"म्हणजे?"

"त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. मी तिला धमकावून गप्प बसवलं होतं. ती बोलली असती तर काही झालं नसतं. ती रोज बोलायची म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. मला उजवीकडचं दिसत नाही. मी खोटं सांगितलं. पोलिसाला, तुम्हाला, हिला..." मी लेकीकडे बोट केलं. तिच्याकडे बघायची छाती झाली नाही. "ते लायसन तुमच्याकडेच राहू द्या."

हिनं पर्स उघडली आणि हॉस्पिटलचा कागद टेबलावर ठेवला. ती तो बरोबर घेऊन आली होती. बाईंनी तो वाचला, लायसन परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला. मग मला बसायला सांगून पाणी मागवलं. कुणी मला रागावलं असतं तर सोपं गेलं असतं.

जिन्यात लेक आईला म्हणाली, "आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?" आई म्हणाली. "तू तर रागावलीस."

लेक तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. रडली की नाही माहीत नाही, ती माझ्या उजवीकडे होती. मी पायरीकडे बघत खाली उतरलो.

गाडीपाशी आल्यावर मी पुढचं दार उघडलं आणि हिला म्हटलं, "बस." ती म्हणाली, "राहू दे हो, मी मागेच बरी." "बस म्हणतो ना," मी ओरडलो. मग पुन्हा हळू म्हणालो, "बस गं." ती बसली. मी मागे गेलो. नातीच्या बिस्किटांचा चुरा पडलेल्या सीटवर मी गुडघे आखडून बसलो. इतके दिवस ही इथंच बसत होती.

लेकीनं गाडी काढली. मोठा रस्ता लागतो तिथं सिग्नल नाही. लेक थांबली, मान पुढे काढून बघितलं. कडेला एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडचं तिला दिसत नसावं. तिनं स्टिअरिंगवर बोटं दोन-तीनदा आपटली.

"आई," ती म्हणाली, "उजवीकडून काही येतंय का गं?"

हिनं आधी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग पुढे वाकली.

"थांब. सायकलवाला आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "हं, आता जा."

मी सरळ समोर बघत होतो. सायकलवाला मला दिसला तो गाडीच्या अगदी पुढ्यात आल्यावर.